एका बोटापुरतं तोंड

आमच्या घराण्यात शेतीवाडी नव्हती, दागदागिने नव्हते, पण अबोला मात्र पिढ्यान्‌पिढ्या जपलेला होता. माझी आत्या एका लग्नातल्या मानपानावरून बाबांवर रुसली आणि दीड वर्ष त्यांच्याशी बोलली नाही. येणं-जाणं काही बंद नव्हतं. ती यायची, आमच्यासोबत जेवायला बसायची आणि समोरच्या भिंतीला सांगायची की भाजीत मीठ कमी झालं. बाबा त्याच भिंतीला सांगायचे की मिठाची बरणी फळीवर आहे. आम्हा कुणालाच यात काही वावगं वाटत नसे. अबोला धरलेल्या माणसाला छेडायचं नाही, कारण विचारायचं नाही, आणि ज्याने अबोला धरला त्यानेच तो सोडायचा, असा आमच्याकडचा रिवाज होता. त्यामुळे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या त्या उन्हाळ्यात बाबा माझ्याशी बोलेनासे झाले, तेव्हा मला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

कारणही तसंच होतं. मी बी.ए., बी.एड. झाले होते आणि बाबांना न विचारता चांद्याच्या एका मुलींच्या शाळेत अर्ज धाडला होता. सरकारी कागदावर त्या गावाचं चंद्रपूर झालं होतं, आमच्या तोंडी चांदाच होतं. एप्रिलच्या अखेरीस नेमणुकीचं पत्र आलं. शाळा जूनच्या शेवटी उघडणार होती आणि जूनच्या मध्यापर्यंत मला होकार कळवायचा होता. बाबा तेव्हा कापडाच्या मिलमध्ये जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम होते. स्वतः चौथीपलीकडे गेले नव्हते, पण ज्या वर्षी आमच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच वर्षी त्यांनी मला हाताला धरून शाळेत नेलं होतं आणि नंतरच्या सोळा-सतरा वर्षांत माझी एकही फी, एकही वही चुकू दिली नव्हती. अशा माणसाला विचारल्याशिवाय मी अर्ज केला. का, तर मी मोठी शहाणी झाले होते.

संध्याकाळी ते मिलमधून आले, हातपाय धुऊन बसले, तेव्हा मी पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ओळीखाली बोट फिरवत ते वाचलं. घडी घातली, माझ्या हातात दिलं आणि चप्पल घालून बाहेर निघून गेले. राग आला तर आदळआपट करणारा माणूस परवडतो. बाबा तसे नव्हते. दुसऱ्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. आईने मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं की आता जरा दमानं घे, त्यांचं त्यांना बोलू दे.

मी दमानं घेतलं. खरं सांगायचं तर मीही फुगले होते. एवढं शिकवायचं आणि नोकरी लागली की तोंड फिरवायचं, हा कुठला न्याय, असं मी मनात रोज घोळवत असे.

आठवडा गेला आणि बाबांचा राग वाढत चालल्याच्या खुणा दिसू लागल्या. आधी त्यांनी भाकरी सोडली. ताटात भाकरी वाढली की बाजूला सारायचे आणि भातावर वरण घेऊन त्याचा पार लगदा करून खायचे. मग तंबाखू सोडली. हे आईला फार लागलं, कारण तंबाखू सोडा म्हणून तिने वीस वर्षं त्यांच्या विनवण्या केल्या होत्या आणि तेव्हा त्यांनी ऐकलं नव्हतं. मग ते आपलं ताट घेऊन परसात जेवायला बसू लागले. आईशीसुद्धा हूं, हां, एवढंच. आंब्याचा रस केला त्या दिवशी मात्र दोन वाट्या प्यायले. आई म्हणाली की यांचा राग भाकरीवर आहे, रसावर नाही. त्यावर आम्ही मायलेकी किती तरी वेळ हसलो. आज ते हसणं आठवलं की मला माझी लाज वाटते.

ते दिवस नागपुरातल्या मे महिन्याचे. बाहेर पडणारा प्रत्येक माणूस कानावरून, हनुवटीखालून दुपट्टा गच्च बांधूनच निघायचा. बाबाही बांधत. घरी आल्यावरही ते तो सोडत नाहीत, हे आमच्या लक्षात आलं. पण लक्षात येणं वेगळं आणि त्याचा अर्थ लागणं वेगळं. आईने अर्थ लावला तो असा, की त्यांना आमची तोंडंसुद्धा बघायची नाहीत.

मिलमध्ये कुणाला कळलं असतं म्हणावं, तर तेही शक्य नव्हतं. शेकडो मागांच्या त्या धडधडाटात शेजारच्याचं ओरडणंही ऐकू जात नसे. तिथली माणसं हातांनी बोलत. धागा तुटला, कांडी संपली, साहेब येतोय, चहा घ्यायचा का, या सगळ्याच्या खुणा ठरलेल्या होत्या. बाबा घरीही कधी कधी विसरून पाणी हातानेच मागायचे. तिथे तोंड न उघडता माणूस महिनाभर काम करू शकत होता, आणि बाबांनी ते केलं.

जून लागला. होकार कळवायची मुदत जवळ आली. आईने एकदा माझ्या वतीने विषय काढला. बाबांनी कपाळाला आठ्या घालून हात नुसता हलवला आणि उठून गेले. आई म्हणाली, "नाही म्हणून राहिले वं. जाऊ दे." मी तो हात पाहिला होता. त्याचा अर्थ नाही असा होता की आत्ता नको असा होता, हे मला ठरवता आलं असतं का? मी ठरवायला गेलेच नाही. त्याच दुपारी कागद घेऊन शाळेला लिहिलं की वडिलांची संमती नसल्यामुळे मी रुजू होऊ शकत नाही. ते वाक्य माझ्या हातून एका दमात उतरलं, खाडाखोड नाही.

पत्र मी सीताबर्डीला जाऊन पेटीत टाकलं. आमच्या वस्तीतही पेटी होती, पण मला वाटलं एवढ्या मोठ्या दुःखाला थोडं चालायला हवं. पेटीत पत्र पडल्याचा आवाज झाला आणि मी परत फिरले. वाटेत चणे-फुटाणे घेतले आणि उभ्या उभ्या सगळा पुडा संपवला. महिनाभरानंतर मला पहिल्यांदा कडकडून भूक लागली होती. याचं मला तेव्हा नवल वाटलं नाही.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी सकाळी आईने मला हाक मारली. बाबा बाजेवर बसले होते, अंगात ताप फणफणत होता आणि दुपट्टा गळून खाली पडला होता. डाव्या बाजूचा जबडा कानापासून गळ्यापर्यंत सुजून तकतकीत झाला होता. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ येत होती, कारण त्यांना ती गिळता येत नव्हती. आईने पाणी पाजायला पाहिलं तर दातांना भांडं लागून पाणी छातीवर सांडलं. दातखीळ बसली, धनुर्वात झाला, असं म्हणून ती रडायला लागली. मी रिक्षा आणायला धावले. सायकलरिक्षात आम्ही त्यांना मध्ये बसवून सरकारी दवाखान्यातल्या दातांच्या विभागात नेलं. म्हणजे आधी दुसऱ्याच रांगेत तासभर उभे राहिलो आणि तिथून आम्हाला तिकडे पाठवलं.

तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या, चाळिशीच्या, फार बोलणं आवडत नसावं अशा. त्यांनी बाबांना खुर्चीवर बसवलं आणि तोंड उघडायला सांगितलं. बाबांनी जीव एकवटला. बाईंनी आपली तर्जनी त्यांच्या वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये आडवी धरून पाहिली. ती जेमतेम गेली. चांगल्या माणसाच्या तोंडात अशी तीन बोटं मावतात, त्या आम्हाला म्हणाल्या; स्वतःचं तोंड उघडून दाखवलंही. मग त्यांनी विचारलं की हे कधीपासून आहे.

"दीड महिन्यापासून बोलत नाहीत," मी म्हणाले.

"बोलत नाहीत, की बोलता येत नाही?"

मी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे. असा फरक करता येतो हे आमच्या दोघींच्या डोक्यात तोपर्यंत आलंच नव्हतं. उत्तर बाबांनीच दिलं. त्यांनी जबड्याला हात लावला आणि दुसऱ्या हाताची बोटं उलगडून दाखवली, पाच, मग पुन्हा पाच, असं करत चाळीसच्या आसपास गेले. डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, आता जमीन दुभंगेल तर बरं.

तोंडात फिल्म ठेवायला जागाच नव्हती, म्हणून गालाला बाहेरून मोठी प्लेट लावून एक्स-रे फोटो काढला. ओला फोटो उजेडाकडे धरून बाईंनी मला तो दाखवला. शेवटची दाढ, जिला लोक अक्कलदाढ म्हणतात, ती हाडात आडवी पडलेली होती आणि तिचं डोकं पुढच्या दाढेच्या मुळाला टेकलेलं होतं. तिथे ती वीस वर्षं गुपचूप पडून असणार, त्या म्हणाल्या. आता तिच्यावरच्या हिरडीखाली अन्न अडकून पू झाला, जबड्याचे स्नायू आखडले आणि तोंड मिटलं. सूज गळ्यात आणखी उतरली असती तर श्वास कोंडला असता. हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं आणि शेवटी विचारलं, "इतके दिवस दुखत होतं तर आले का नाहीत?"

त्याचंही उत्तर बाबांनी हातानेच दिलं. आधी दाढ उपटल्याची खूण केली, मग दोन्ही डोळ्यांवर बोटं ठेवली. मला कळलं. दाढ काढली की नजर जाते, असं आमच्या वस्तीतला जो तो सांगे, आणि मागावरचा तुटलेला धागा ज्याला दिसत नाही त्याचं मिलमध्ये काही काम नाही. डॉक्टरीणबाईंनी बाबांना भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं आणि म्हणाल्या की ऑपरेशन झाल्यावर याच खुर्चीतून मी तुमच्याकडून ते वाचून घेईन. बाबांनी मान हलवली.

दाढ लगेच काढता येत नव्हती. आधी ताप आणि सूज उतरायला हवी होती. त्यांना वॉर्डात ठेवलं, आत छोटा छेद देऊन पू काढला, ठरल्या वेळी पेनिसिलिनची सुई द्यायची आणि कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरायची. सूज थोडी कमी झाल्यावर लाकडी चपट्या पट्ट्या आणल्या. त्यांची चळत दातांमध्ये सरकवायची, थोडा वेळ धरायची आणि रोज एकेक पट्टी वाढवायची. बाबांच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण ते हात आडवा करत नसत. आई पट्ट्या मोजायची. सहा झाल्या, सात झाल्या, असं ती शेजारच्या रोग्याच्या बायकोलासुद्धा सांगत असे.

अशाच एका दुपारी बाबांचा मिलमधला जुना सोबती भेटायला आला. बाबा झोपले होते, आई पाणी आणायला गेली होती. त्याने माझ्याकडे पाहून हसत विचारलं, "कधी जाऊन राहिली वं चांद्याले, मास्तरीणबाई?" मी विचारलं की तुम्हाला कुणी सांगितलं. त्याने खाटेवर बोट दाखवलं. मग त्याने बाबांची खूण करून दाखवली. एका हाताने पाठीवरची लांब वेणी, दुसऱ्या हाताने हवेत फळ्यावर लिहिणं, आणि मग हात पुढे सरकत गेलेली आगगाडी. "साऱ्या खात्याले सांगतलं त्यानं," तो म्हणाला. "झाले असतीन पंधरा-वीस दिवस. चहाच्या टायमाले मांगच्या लाइनीपर्यंत जाऊन सांगून आला."

तो केळी ठेवून गेला. बाबा झोपेत तोंडाने श्वास घेत होते आणि ते आता थोडं उघडं होतं. पंधरा-वीस दिवसांपूर्वी मी घरात बसून ज्या माणसाला मनातल्या मनात दूषणं देत होते, तो कापसाच्या धुळीत उभा राहून मी कधी न पाहिलेल्या माणसांना माझी वेणी दाखवत होता. मला रडू आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं.

त्या दिवशी मला तार करता आली असती. माझं पत्र पोचून फार दिवस झाले नव्हते. येते आहे, एवढे दोन शब्द पुरले असते. तारघर दवाखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. मी फाटकापर्यंत गेले आणि परत आले. बाबा दवाखान्यात असताना हे कसलं सुचतंय तुला, असं मी स्वतःला दटावलं आणि ते मला पटलं. त्या पत्राबद्दल आईलाही काही सांगितलं नाही.

नवव्या की दहाव्या दिवशी ऑपरेशन झालं. भूल फक्त जबड्यापुरतीच होती, बाबा पूर्ण जागे होते. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. हाड पोखरायला बाईंकडे छिन्नी होती आणि छोटी हातोडी. तिचे ठोके दाराबाहेर ऐकू येत होते, एक, दोन, मग थांबणं. प्रत्येक ठोक्याला आई आपल्याच गालाला हात लावायची. तासाभराने बाईंनी आम्हाला आत बोलावलं. स्टीलच्या ताटलीत दाढ दोन तुकड्यांत पडली होती. अख्खी निघाली नाही म्हणून फोडून काढली होती. बाबांच्या तोंडात कापसाचा बोळा होता आणि खालचा ओठ एका बाजूला ओघळला होता. तो काही दिवस बधिर राहील, मग परत येईल, बाईंनी सांगितलं. मग त्यांनी खरंच कॅलेंडरकडे बोट दाखवलं. बाबांनी बोळ्यासकट, बोटांनी तारीख मोजून दाखवली.

टाके निघाले आणि बाबा घरी आले. त्याच आठवड्यात चांद्याहून शाळेचं पत्र आलं. माझ्या अडचणीबद्दल त्यांनी सहानुभूती दाखवली होती आणि जागेवर दुसऱ्या बाईंना नेमल्याचं कळवलं होतं. मी पत्र पुस्तकात ठेवलं.

एका सकाळी बाबा अंगणात बाजेवर बसून भाकरीचा तुकडा उजव्या बाजूने हळूहळू चावत होते. मी त्यांच्यापुढे वरणाची वाटी ठेवली तेव्हा ते बोलले. आवाज जरा बसका होता, पण शब्द स्पष्ट होते. "चांद्याले सकाळची गाडी बरी राहीन का दुपारची?"

मी सगळं सांगितलं. नकार कळवल्याचं सांगितलं आणि कोणत्या शब्दांत कळवला तेही सांगितलं, कारण ते लपवून मला पुढे जगता आलं नसतं. बाबांनी भाकरी खाली ठेवली. मग त्यांनी सांगितलं की पहिले चार दिवस ते खरंच रागाने बोलले नव्हते. विचारलं नाही याचा राग होता, नोकरीचा नव्हता. तो चार दिवसांत उतरला. पाचव्या दिवशी सकाळी बोलायचं ठरवून उठले, तर जबडा हलेना.

"थोडं-थोडं बोलता येत होतं मले," ते म्हणाले. "पण दात आवळून 'जा' म्हटलं असतं, तं तुले वाटलं असतं, बाप हाकलून राहिला. म्हटलं, दुरुस्त झालो का मोकळ्या तोंडानं सांगू."

मी म्हणाले की मला वाटलं, अबोला आहे.

"मले बोलता येत नव्हतं. तुले तं येत होतं. इचारलं काहून नाही?"

"तुम्ही नाही म्हटलं असतं तं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तेच मला सहन झालं नाही.

"मी नाही म्हणीन, याचं भेव नव्हतं वं तुले. मी हो म्हणीन, याचं होतं."

बावीस वर्षांत मी नागपूरबाहेर एक रात्र एकटी राहिले नव्हते. ते खरं होतं, आणि तोपर्यंत मी ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं.